शंभरला स्टिअरिंग का थरथरतं?

नवापूर तालुक्यातल्या खांडबाऱ्याहून विसरवाडीकडे निघालेली गाडी चाळीस-पन्नासच्या वर फारशी जात नाही. वळणं, वस्त्या, गुरं, बाजारच्या दिवशी जीपगाड्यांची गर्दी. तोवर स्टिअरिंग शांत असतं. विसरवाडीला धुळे-सुरत महामार्ग लागतो, आधीचा 6 नंबर आणि आताचा 53. काटा ऐंशीच्या पुढे सरकला की हाताला बारीक थरथर जाणवते, नव्वद-पंचाण्णवला ती वाढते आणि काही गाड्यांत शंभर ओलांडताना पुन्हा कमी होते. गाडीवाला सोनगड-व्याऱ्यापर्यंत ऐंशीच्या आत चालवतो, सुरतेत काम उरकतो आणि परत आल्यावर ओळखीच्या गॅरेजला गाडी लावतो. तिथे बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं : "भाऊ, अलायमेंट करून घ्या."

हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचं असतं. पुढच्या चाकांची तोंडं एकमेकांच्या तुलनेत आत किंवा बाहेर वळलेली असली की गाडी एका बाजूला ओढते, स्टिअरिंगचा दांडा सरळ रस्त्यावर वाकडा राहतो, टायर एका कडेने खातो. थरथर मात्र त्यातून थेट येत नाही. थरथर म्हणजे दर फेऱ्याला एकदा बसणारा धक्का, आणि अलायमेंटमध्ये फेऱ्यागणिक बदलणारं काहीच नसतं. महिनोन् महिने बिघडलेल्या अलायमेंटने टायर उंच-सखल खाल्ला असेल तर तो टायर पुढे आवाज करतो, थोडा हादरवतोही. पण त्या वेळी अलायमेंट दुरुस्त केलं तरी टायर तसाच राहतो. म्हणून अलायमेंटवर पैसे घालण्याआधी दोष फिरणाऱ्या वस्तूत आहे हे डोक्यात पक्कं हवं. चाक, टायर, रिम, हब, डिस्क, शाफ्ट. शोध इथेच घ्यायचा.

वेगाचा संबंध आकड्यांत पाहिला तर बरंच काही उलगडतं. छोट्या गाड्यांना 175/65 आर 14 मापाचा टायर असतो. त्याचा घेर साधारण 1.83 मीटर. ताशी 100 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 27.8 मीटर, तेव्हा चाक सेकंदाला 15 फेऱ्या मारतं. रिमच्या कडेला एका जागी 20 ग्रॅम वजन जास्त असेल तर या वेगाला ते चाकाला बाहेरच्या बाजूला सव्वातीन किलोच्या जोराने खेचतं, सेकंदाला 15 वेळा. हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 50 च्या वेगाला तो चौथा हिस्सा, पाऊण किलोच्या आसपास. गावच्या रस्त्यावर काहीच जाणवत नाही याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं असं की सस्पेन्शनला आणि स्टिअरिंगच्या यंत्रणेला स्वतःची एक हलण्याची गती असते, बऱ्याच गाड्यांत सेकंदाला 10 ते 15 च्या दरम्यान. चाकाच्या फेऱ्या त्या गतीशी जुळल्या की झोक्याला नेमक्या वेळी धक्का द्यावा तशी थरथर वाढत जाते, आणि वेग पुढे गेला की जुळणी सुटते. ऐंशी ते शंभर हा पट्टा म्हणून बदनाम आहे. "शंभरच्या पुढे थरथर जाते, म्हणजे गाडी ठीक आहे," असं समजून जोरात हाणणारे लोक आहेत. जोर तिथे वाढलेलाच असतो, हाताला तेवढा पोचत नाही.

तो हातापर्यंत पोचतो कसा, हेही पाहण्यासारखं आहे. पुढचं चाक ज्या उभ्या अक्षाभोवती वळतं त्याच्या थोडं बाहेर ते बसलेलं असतं. जड जागा पुढे आली की चाक पुढे ओढलं जातं, मागे गेली की मागे, आणि प्रत्येक ओढीबरोबर ते किंचित वळायला पाहतं. ती हालचाल टाय रॉडमधून रॅकला आणि रॅकमधून स्टिअरिंगला जाते. आता दोन्ही पुढच्या चाकांत जड जागा असेल तर? डावीकडची पुढे आणि उजवीकडची त्याच क्षणी मागे असेल, तर दोन्ही चाकं एकाच दिशेला वळू पाहतात आणि स्टिअरिंग जोरात थरथरतं. दोन्ही एकदम पुढे असतील तर रॅकवरचे धक्के एकमेकांना मारतात. वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरतं, त्यामुळे हे जुळणं-बिघडणं सतत चालू असतं. "पाच मिनिटं थरथरतं, मग आपोआप थांबतं, पुढच्या वळणानंतर परत सुरू होतं," ही तक्रार मेकॅनिकला विचित्र वाटते आणि कधी गाडीवाल्यालाच वेड्यात काढलं जातं. प्रत्यक्षात ही तक्रार चाकांच्या वजनातल्या फरकाकडे बोट दाखवणारी चांगली खूण आहे.

या विषयावर मेकॅनिक, टायरवाले आणि कंपन्यांची सर्व्हिस मॅन्युअलं जे सांगतात त्याचा मेळ घातला तर मला सगळ्यात मोलाची वाटते ती गाडीला हात लावण्याआधीची चौकशी. थरथर कोणत्या वेगाला सुरू होते? हातात येते की सीटखाली? ब्रेक दाबल्यावर येते, अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर येते, की सारख्या वेगाला काहीच न करता येते? कधीपासून येते, आणि त्याच्या आदल्या दिवशी गाडीचं काय काम झालं होतं?

हातात येणारी थरथर बहुधा पुढच्या चाकांची. सीट, फरशी आणि मागच्या बाकावर येणारी मागच्या चाकांची. सारख्या वेगाला येणारी चाक-टायर-रिमची. ब्रेक लावल्यावरच येणारी डिस्कची. जोर लावताना, विशेषतः चढाला येणारी आणि पाय उचलताच जाणारी ड्राईव्ह शाफ्टच्या आतल्या जॉईंटची किंवा इंजिन माउंटिंगची. इंजिनचा संशय असेल तर मोकळ्या सरळ रस्त्यावर तोच वेग ठेवून पाचव्याऐवजी चौथा गिअर टाकून बघावा. चाकं तेवढीच फिरतात, इंजिनचे फेरे वाढतात. थरथर तशीच राहिली तर इंजिन संशयातून सुटलं. पुष्कळजण यासाठी गाडी न्यूट्रल करतात. सपाटीवर काही सेकंद ठीक, पण महामार्गावरच्या कोंडाईबारी घाटाच्या उतारावर हा प्रयोग करू नये, आणि चावी बंद तर कधीच करू नये, कारण स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. रस्ताही तपासावा. काँक्रीटच्या रस्त्यावर आडव्या खाचा असतात, सांधे असतात. तिथे येणारी आणि डांबरावर जाणारी घरघर गाडीची नव्हे.

चौकशीनंतर हाताने तपासायचं. यासाठी नंदुरबार किंवा सुरत गाठायची गरज नाही. गावच्या टायरवाल्याकडे जॅक, पाना आणि कॉम्प्रेसर असला की पुरे.

नवापूर तालुक्यात पावसाळ्यात पहिला संशयित चिखल असतो. भाताच्या शेताकडे जाणाऱ्या वाटेवर गाडी घातली की काळी माती रिमच्या आतल्या बाजूला, बाहेरून दिसणार नाही अशी चिकटते. रात्रीत वाळते, आणि सकाळी महामार्गावर गाडी थरथरायला लागते. वर 20 ग्रॅमचा हिशोब केला. वाळलेला ढेकूळ त्याच्या दुप्पट-तिप्पट सहज भरतो. बाहेरून गाडी धुतल्याने तो जात नाही. चाक काढून आतून रिम खरवडून धुवावं लागतं. बॅलन्सिंगवर पैसे घालवण्याआधी हे करावं, कारण चिखलासकट बॅलन्सिंग केलं तर चिखल गळाल्या दिवशी थरथर परत येते.

त्याच वेळी रिमवर शिशाची किंवा जस्ताची वजनं जागेवर आहेत का ते बघावं. दगड लागून वजन उडालं असेल तर त्या जागी स्वच्छ चौकोनी ठसा उरतो. मग हवा, थंड टायरमध्ये, दाराच्या चौकटीवर छापलेल्या आकड्याप्रमाणे. हवा कमी असण्याने सहसा थरथर येत नाही, पण टायर तापतो आणि आतून सुटायला लागतो. मग टायरवरून सगळीकडे तळहात फिरवावा. बाजूला फोड आला असेल, नक्षी एका जागी उंच लागत असेल, तर आतला पट्टा सुटतो आहे. असा टायर वीस-तीसच्या वेगालाही स्टिअरिंग हळूहळू डावी-उजवीकडे डोलवतो. हा टायर महामार्गावर न्यायचा नाही. पंक्चरसाठी आत ओतलेलं सीलंट हाही एक छुपा दोष आहे. गाडी उभी असताना ते तळाला साचतं आणि मग बॅलन्सिंगचं मशीन दर वेळी वेगळा आकडा दाखवतं. टायर काढून आतून पॅच लावणं हाच त्यावरचा इलाज.

चाक जॅकवर उचललं की आणखी दोन गोष्टी समजतात. वर-खाली धरून हलवल्यावर खेळ आला तर बेअरिंग किंवा बॉल जॉईंट. डावीकडे-उजवीकडे धरल्यावर आला तर टाय रॉड एंड. बेअरिंग गेलं असेल तर घोंघावणारा आवाजही येतो आणि वळताना तो बदलतो. या ढिल्या जोडांबद्दल एक मत मी ठाम धरतो : ते क्वचितच थरथर निर्माण करतात, पण दुसरीकडे तयार झालेली छोटी थरथर मोठी करून हातात आणून देतात. म्हणून फक्त टाय रॉड बदलून थरथर गेली तरी मूळ दोष चाकात बसलेला असू शकतो. दुसरी गोष्ट, चाक हाताने फिरवायचं आणि पेचकस जमिनीवर टेकवून त्याचं टोक रिमच्या कडेजवळ स्थिर धरायचं. फट सगळीकडे सारखी राहिली पाहिजे. ती कमी-जास्त झाली तर रिमला बेंड आहे. हेच टायरच्या माथ्याजवळ करावं. नुसत्या नजरेला एक-दीड मिलिमीटरचा फरक कळत नाही, पेचकसाजवळ तो स्पष्ट दिसतो.

यातूनही उलगडलं नाही तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे घालून बघावं. फिरण्याची दिशा ठरलेले टायर असतील तर बाजू बदलायची नाही. थरथर हातातून सीटखाली गेली तर दोष त्या दोन चाकांपैकी एकात आहे, हब-डिस्क-जॉईंट निर्दोष आहेत. तसूभरही फरक पडला नाही तर शोध चाकाच्या मागच्या भागात न्यायचा. खर्च मजुरीचा तेवढा, आणि निदान इतकं पक्कं की कुठल्याही मशीनच्या छापील कागदापेक्षा मी यावर जास्त विश्वास ठेवतो.

आता बॅलन्सिंग. मशीन हे काम करतं म्हणून त्याकडे कोणी लक्ष देत नाही, आणि बिघाड नेमका तिथे होतो. चाक मशीनच्या दांड्यावर शंकूने मध्यावर बसवलं जातं. रिमच्या मधल्या भोकात गंज किंवा माती असेल, शंकू झिजलेला असेल, तर चाक तिरकं बसतं आणि मशीन त्या तिरकेपणाचं वजन मोजतं. कामगार त्यावर शिसं ठोकतो, पडद्यावर दोन शून्यं येतात आणि गाडी पूर्वीपेक्षा जास्त हलते. याची कसोटी सोपी आहे. शून्य आल्यावर नट सैल करायला सांगावं, चाक दांड्यावर अर्धा फेरा फिरवून पुन्हा कसायला लावावं आणि मशीन परत चालवावं. शून्य किंवा पाच ग्रॅमच्या आसपास आलं तर काम बरोबर. पंधरा-वीस आलं तर बसवणं चुकलं. बरीच मशीनं नेहमीच्या सेटिंगमध्ये 5 ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवतात, त्याखालचा फरक शून्य म्हणून जातो. बारीक मोजायची सोय असेल तर ती वापरायला सांगावी. हे मागायला संकोच नको. दोन मिनिटांचं काम आहे.

छोट्या गाडीच्या एका चाकाला 60-70 ग्रॅमहून जास्त वजन लागत असेल तर ते ठोकून गप्प बसणंही चूक. टायर रिमवर नीट बसला नसेल किंवा टायर-रिमच्या जड जागा एकावर एक आल्या असतील. हवा सोडून टायर रिमवर अर्धा फेरा सरकवला तर बऱ्याचदा वजन निम्म्यावर येतं. नव्या टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो हलकी बाजू दाखवतो आणि वॉल्व्हजवळ यायला हवा.

बॅलन्सिंगने न जाणारी थरथर हा या विषयातला सगळ्यात वादाचा भाग. टायर वजनाला अगदी समतोल असू शकतो आणि तरी गोल नसू शकतो, किंवा त्याची एक बाजू दुसरीपेक्षा कडक असू शकते. मशीनवर तो हवेत फिरतो म्हणून हे दिसत नाही. रस्त्यावर गाडीच्या वजनाखाली दिसतं. टायरवर रोलर दाबून मोजणारी मशीनं मोठ्या शहरांत मोजक्या ठिकाणी असतात. बाकीच्यांना चाकांची अदलाबदल करत दोषी टायर शोधावा लागतो. टायर मग बदलावाच लागतो, ग्राहकाला ते पटत नाही, दुकानदाराला हमीचं भांडण नको असतं, आणि गाडी तशीच फिरत राहते.

अलॉय रिमनी एक नवा दोष आणला. गाडीबरोबर आलेल्या रिमचं मधलं भोक हबवर घट्ट बसतं. बाजारातून हौसेने घेतलेल्या अलॉयचं भोक पुष्कळ गाड्यांना चालावं म्हणून मोठं ठेवलेलं असतं आणि मधली फट भरायला प्लॅस्टिकचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं कडं लागतं. ते नसेल तर चाक फक्त बोल्टवर तोललं जातं आणि केसभर बाजूला बसतं. मशीनवर हे चाक निर्दोष ठरतं, गाडीवर थरथरतं. तीन-तीन वेळा बॅलन्सिंग करूनही थरथर न गेलेल्या गाडीला बाहेरचे अलॉय असतील तर आधी हे कडं बघावं. खड्ड्यात आपटलेलं लोखंडी रिम ठोकून बऱ्यापैकी सरळ होतं; अलॉयला तडा गेला असेल तर वेल्डिंगवर विसंबून शंभरचा वेग धरू नये.

नट आवळण्याची पद्धत हाही दोषच, आणि आपल्याकडे सर्रास. हवेच्या गनने एका ओळीत करकचून नट मारले की डिस्कवर कमी-जास्त ताण येतो. समोरासमोरचे नट आळीपाळीने, शेवटचा कस हातपान्याने, चाक जमिनीला टेकल्यावर. बहुतेक छोट्या गाड्यांना 85 ते 110 न्यूटन-मीटर पुरतात. चाक काढून बसवलं असेल तर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत.

ब्रेक लावल्यावर येणाऱ्या थरथरीला गॅरेजमध्ये "डिस्कला बेंड आला" म्हणतात. डिस्क क्वचितच वाकते. हबवरचा गंज किंवा वेडेवाकडे आवळलेले नट यांमुळे ती किंचित डुलते, ब्रेक न लावताही दर फेऱ्याला एकाच जागी पॅडला घासते आणि तिथे पातळ होते. जाडीतला 15-20 मायक्रॉनचा फरक, केसाच्या जाडीचा जेमतेम पाव हिस्सा, पायाला आणि हाताला जाणवतो. कोंडाईबारी उतरताना ब्रेकवर पाय ठेवूनच येणाऱ्यांच्या डिस्क तापतात, आणि तापलेल्या डिस्कवर गाडी ब्रेक दाबून उभी ठेवली की पॅडचा थर एका जागी चिकटतो. गिअरवर उतरणं हा त्यावरचा खरा उपाय. लेथवर डिस्क घासून घ्यायला हरकत नाही, पण किमान जाडीचा आकडा डिस्कवरच कोरलेला असतो. त्याखाली गेली तर नवी जोडी. आणि हब न घासता नवी डिस्क बसवली तर काही हजार किलोमीटरनंतर तीच तक्रार उभी राहते.

खांडबारा-नंदुरबार पट्ट्यात मागच्या चाकांना जोर असलेल्या गाड्या भरपूर : बोलेरो, स्कॉर्पिओ, माल वाहणारे पिकअप. त्यांचा प्रोपेलर शाफ्ट चाकाच्या साधारण चौपट वेगाने फिरतो, म्हणून त्याची थरथर बारीक, गुणगुणल्यासारखी आणि पायाखाली येते. शाफ्टच्या जॉईंटमधला क्रॉस झिजलेला असतो, किंवा शाफ्ट खोलून बसवताना खुणा जुळवलेल्या नसतात. पुढे अखंड अ‍ॅक्सल असलेल्या जुन्या जीपांची गोष्ट निराळी. चाक ज्यावर वळतं तो किंगपिन ढिला झाला की एखाद्या खड्ड्यानंतर पुढची दोन्ही चाकं फडफडायला लागतात आणि वेग अगदी कमी करेपर्यंत थांबत नाहीत. अशा जीपमध्ये बाजारची माणसं भरलेली असतात. तिथे दुरुस्ती पुढच्या आठवड्यावर ढकलणं मला मान्य नाही.

या सगळ्याकडे सरकारी नजर कुठे आहे? 2018 च्या अधिसूचनेने मोटारींना दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर 100 आणि द्रुतगती मार्गावर 120 ची मुभा दिली. 53 नंबरच्या महामार्गाच्या फागणे ते गुजरात सीमा या टप्प्याचं चौपदरीकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं, तोवर खड्डेच वेग आवरत होते आणि रिमही वाकवत होते. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला आणि काही महिन्यांतच टायर फुटण्याची चर्चा राज्यभर झाली. 2023 मध्ये परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासून नक्षी झिजून गोटा झालेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली. हे योग्यच झालं. पण खासगी मोटारीला नोंदणीनंतर 15 वर्षं यांत्रिक तपासणी सक्तीची नाही. पीयूसीत धूर मोजतात, चाकाला कोणी हात लावत नाही. टायरच्या खोबणीत 1.6 मिलिमीटरची उंचवट्याची खूण असते आणि बाजूला चार आकडी तारीख : 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर चालणाऱ्या गावच्या गाडीचा टायर झिजण्याआधीच म्हातारा होतो, नक्षी मात्र नव्यासारखी दिसते. सहा-सात वर्षांपुढचा टायर घेऊन सुरतेला निघणाऱ्याने निदान त्याच्या भेगा उजेडात बघाव्यात.

हळूहळू वाढत आलेल्या थरथरीला आठवडाभर वेळ देता येतो. धावत्या गाडीत अचानक सुरू झालेल्या थरथरीला तो देता येत नाही, कारण तिच्यामागे सुटलेला नट किंवा फाटत चाललेला टायर असू शकतो. ब्रेक जोरात दाबायचा नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून पाय उचलायचा, गाडी डाव्या कडेला रस्त्याबाहेर घ्यायची, चारही चाकांचे नट हाताने आणि पान्याने तपासायचे, टायरच्या आतल्या बाजूलाही फोड शोधायचा. काही सापडलं तर स्टेपनी चढवायची. स्टेपनी लहान मापाची असेल तर तिच्यावर 80 ची मर्यादा लिहिलेली असते, ती पाळून जवळच्या टायरवाल्यापर्यंत जायचं.